नौकानयन, विनापाणी

जुनी मोटारबोट घेऊन ती दुरुस्त करणाऱ्या नवख्या मालकाइतका दूरदर्शी माणूस अख्ख्या किनारपट्टीवर नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो 2020 पासून तासाभरात पोचवते, गाडीसकट. पण असले परावलंबन स्वाभिमानी माणसाला रुचत नाही. म्हणून तो दर शनिवारी त्याच रो-रोने मांडव्याला जाऊन आपल्या बोटीपाशी बसतो.

बोट फायबरची, म्हणजे न कुजणारी. कुजते ते आतले प्लायवूड. इंजिन टांगायच्या मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकले की खणखणीत 'टक्' यायला हवे. इथे 'भद्' येते आणि बोल्टच्या भोकातून चहाच्या रंगाचे पाणी ओघळते. फळी बदलायची तर डेक कापायचा. डेक कापला की टाकी दिसते, टाकी दिसली की ती गळते. ज्ञानाची इतकी क्रमवार प्राप्ती विद्यापीठातही होत नाही.

शासनाने अशा बोटींना खास अनुदान द्यावे. प्रदूषण नाही, अपघात नाही, प्रवासी बुडाल्याची एकही नोंद नाही. बुडाला तो फक्त प्रॉव्हिडंट फंड.

यंदा मालकाने जाहिरात दिली : 'एकहाती वापर. खाऱ्या पाण्याचा स्पर्श नाही.' गिऱ्हाईक लगेच आले. तेही नवखेच. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे विचारले, "हॉर्न वाजतो ना?"