चेंबूरकडचे डोंगर

गेली बावीस वर्षं मी चेंबूरला राहतो. म्हणजे देवनारला. पण देवनार म्हटलं की समोरच्याचा हात नाकाकडे जातो, म्हणून चेंबूर. लग्नपत्रिकेतही चेंबूरच छापलं होतं. निम्मं वऱ्हाड स्टेशनवर उतरून कार्यालय शोधत बसलं.

तर भाद्रपदातल्या एका रविवारी आईला आणि बायकोला घेऊन भंडारदऱ्याला निघालो. घोटीहून वळलो आणि माझ्यातला गिर्यारोहक जागा झाला. ‘‘ते कळसूबाई! 1646 मीटर! कॉलेजात चढलोय मी.’’ बायको म्हणाली, ‘‘शिड्यांपर्यंत.’’ हिला हे कोणी सांगितलं, देव जाणे.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं 1926 साली, आणि देवनारचं डंपिंग सुरू झालं 1927 साली. म्हणजे त्यांचं तळं आमच्या डोंगराहून फक्त वर्षाने मोठं! धरणाला गव्हर्नरचं नाव मिळालं, आमच्या डोंगराला नुसतं ‘डंपिंग’. वास्तविक सह्याद्रीत माणसाचं कर्तृत्व काय? लाव्हा आला, थिजला. आमचा डोंगर मुंबईने घराघरांतून वर्गणी काढून उभारलाय. शहाळी, गाद्या, देवाचं निर्माल्य. माझी स्वतःची एक स्कूटरची सीट आहे त्यात. वर ढगांसारख्या घारी फिरतात. 2016 साली तो पेटला तेव्हा धूर थेट उपग्रहाच्या फोटोत आला. कळसूबाईला जमलंय का हे?

ही तुलना मी गाडीत रंगवून सांगत होतो. कोणी हसलं नाही. मागे आईने काच पूर्ण खाली केली होती. पावसाची झड आत येत होती, सीट भिजत होती. ‘‘आई, एसी चालू आहे.’’

‘‘राहू दे.’’

घरी खाडीकडची खिडकी आम्ही उघडत नाही. आईचा पलंग तिच्याच खाली आहे.

शेंडीला चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘‘पाव्हनं कुठलं?’’

‘‘मुंबई. चेंबूर.’’

‘‘देवनार,’’ आई म्हणाली.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. ‘‘देवनार! बकऱ्याच्या बाजाराचं?’’ बकरी ईदला ट्रकमधून बोकड घेऊन तो आला होता, मांडवात तीन रात्री काढल्या होत्या. भाव चांगला मिळाला होता. माझं गाव ऐकून खूश झालेला माणूस बावीस वर्षांत पहिल्यांदा भेटला. छाती फुगवून मी चहाचे पैसे देऊ लागलो.

‘‘पन झोप न्हाई लागली बगा,’’ तो म्हणाला. ‘‘वास लई. तुमास्नी सवय झाली आसंल.’’

‘‘सवय नाही होत हो,’’ आई म्हणाली. ‘‘खिडकी लावून घ्यायची.’’

परतताना ती कसाऱ्यापर्यंत जागी होती, मग डोळा लागला असावा. काच खालीच होती. सीटचं मी काही बोललो नाही. घाटकोपरला मानखुर्द लिंक रोडकडे वळलो, आणि मागे काच वर चढल्याचा आवाज आला.