धक्का एक, अपराधी दोन

ज्या शर्यतीत लोखंड वाकत नाही, टायर झिजले तरी रबराचा वास येत नाही आणि गाडी चार कोलांट्या खाऊन उलटली तरी चालक त्याच खुर्चीत बसून चहाचा पेला पुन्हा हाती घेतो, त्या शर्यतीस कायद्याची गरज काय, असा प्रश्न एखाद्या भोळ्या गृहस्थाने विचारला, तर त्यास आम्ही इतकेच सांगू, की दोन माणसे एका रस्त्यावर आली आणि त्यांपैकी एकास दुसऱ्याच्या पुढे जावयाचे असले, म्हणजे रस्ता डांबराचा असो वा पडद्यावरील ठिपक्यांचा, फिर्याद, कैफियत, पंचनामा, निवाडा आणि निवाड्यावरील असंतोष ही पाचही दैवते तेथे न बोलावता प्रकट होतात. सन 2020 मध्ये महामारीमुळे ल मान्सची 24 तासांची खरी शर्यत सप्टेंबरपर्यंत लांबणीवर पडली आणि जूनमध्ये तिच्या जागी संगणकावरील शर्यत भरली, तेव्हा 50 गाड्या आणि 200 चालक तिच्यात उतरले; खरी ल मान्स दोनदा जिंकलेला फर्नांडो अलोन्सोही त्यांत होता. शर्यत घरबसल्या होती, दंडसंहिता मात्र घरगुती नव्हती.

या मुलखातील दबदब्याचे एक संस्थान म्हणजे 2008 पासून चालत आलेले, संगणकावर शर्यती भरविणारे आयरेसिंग. तेथे मनुष्य प्रथम वर्गणी भरतो, मग ‘रुकी’ या सर्वांत खालच्या परवान्यावर उमेदवारी करतो आणि सद्वर्तन सिद्ध करीत डी, सी, बी, ए अशा पायऱ्या चढतो. म्हणजे पदरचे पैसे देऊन तो स्वतःस दंडास पात्र करून घेतो, ही गोष्ट आमच्या महसूल खात्याच्या नजरेस अद्याप आलेली नाही हे रयतेचे सुदैव. सद्वर्तनाचे माप असे: चाके रस्त्याबाहेर गेली तर एक गुण, गाडीवरील ताबा सुटला तर दोन, आणि डांबरी रस्त्यावर दुसऱ्या गाडीशी जोराची टक्कर झाली तर चार. ‘टक्कर झाली’ हे शब्द आम्ही जाणून योजले आहेत, कारण कोणी दिली आणि कोणी खाल्ली हा भेद ही दंडसंहिता मानीतच नाही. मागून येऊन ठोकणारास चार गुण, आणि आपल्या वाटेने निमूट जात असता ठोकला गेलेल्यासही चार. स्थळी उपस्थित असणे हाच अपराध, आणि तो दोघांनीही सारखाच केलेला असतो.

या व्यवस्थेस अन्याय म्हणण्यापूर्वी तिची कैफियतही ऐकून घेतली पाहिजे. दोन चालक दोन खंडांत बसलेले असता प्रत्येकाच्या पडद्यावर दुसऱ्याची गाडी जेथे आहे तेथे दिसत नाही. जेथे असावी असा यंत्राचा अंदाज आहे तेथे दिसते. ताशी 250 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात जवळजवळ सात मीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीहून अधिक अंतर तोडते, आणि तेवढा विलंब समुद्रापलीकडून येणाऱ्या संदेशास सहज लागतो. परिणामी एकाच्या पडद्यावर धडक, तर दुसऱ्याच्या पडद्यावर हातभर अंतर राखून केलेली सभ्य आगेकूच. दोघेही शपथेवर सांगतात आणि दोघेही खरे सांगतात. अनेकान्तवादाचा असा प्रत्यक्ष पुरावा जैन आचार्यांस मिळाला असता तर त्यांचे अनेक ग्रंथ आखूड झाले असते. अशा स्थितीत मुनसफाने दोघांनाही दोषी धरून इजलास बरखास्त करावा, हे आम्हांस तत्त्वज्ञान म्हणून नव्हे, पण काटकसर म्हणून पटते.

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीत मात्र या काटकसरीची खरी परीक्षा होते. कारण तेथे एकाच रस्त्यावर वेगवान प्रोटोटाइप आणि त्यांच्या मानाने मंद अशा जीटी गाड्या अहोरात्र एकत्र धावत असतात, आणि शिष्टाचाराचा मूळ नियम असा आहे की पुढे जाणाऱ्याने सुरक्षितपणे पुढे जाण्याची जबाबदारी घ्यावी व मागे पडणाराने आपली रेषा सोडू नये. मागून वेगवान गाडी येत असल्याचे सांगणारा निळा झेंडा ही वर्दी आहे, हुकूमनामा नव्हे. परंतु प्रोटोटाइपच्या आसनावर बसताच सामान्य मनुष्यात जहागीरदाराचा संचार होतो; तो दुरूनच दिवे उघडझाप करू लागतो आणि पुढील रयतेने पागोटे सावरीत गवतात उतरावे अशी अपेक्षा धरतो. आणि खेदाची गोष्ट अशी की रयत खरोखरच उतरते! ल मान्सच्या पोर्श कर्व्हजसारख्या, एका वळणातून दुसरे वळण निघणाऱ्या अरुंद जागी, पहाटे तीन वाजता, जीटीचा एखादा सुशील चालक ‘या, आपण पुढे व्हा’ म्हणून ऐन वळणात बाजूस सरतो, आणि ज्या मोकळ्या जागेचा हिशोब करून मागची गाडी शिरलेली असते नेमकी तीच जागा आपल्या सौजन्याने भरून काढतो. उद्धटाचा अंदाज बांधता येतो, कारण तो नेहमी उद्धटच वागतो. सभ्य माणूस केव्हा सभ्यता दाखवील याचा नेम नाही. आमच्या मते या खेळातील निम्म्या टकरी वैराने नव्हे, आदरातिथ्याने होतात, आणि चार-चार गुण वाटून घेतल्यावर दोघेही परस्परांस ‘सॉरी’ लिहून पाठवितात, ते मात्र दोघांनाही भिंतीवर आदळल्यानंतर वाचावयास मिळते.

शिवाय गाडी एक, चालक अनेक. संघाच्या शर्यतीत प्रत्येकाने समान वाट्याच्या निदान चौथा हिस्सा फेऱ्या चालविल्या पाहिजेत असा दंडक आहे. चौघांच्या संघात याचा अर्थ एकूण फेऱ्यांचा सोळावा भाग, म्हणजे रुपयात एक आणा. या एक आण्याच्या भागीदाराने आपल्या पाळीत गोळा केलेले गुण मात्र सोळा आणे संघाच्या खाती पडतात, आणि गुणांची मर्यादा ओलांडली की ‘ड्राइव्ह-थ्रू’ दंड भोगण्यासाठी पिटमधून रखडत जावे लागते ते बहुधा तिसऱ्याच कोणास तरी. अविभक्त कुटुंबात चुलत्याचे कर्ज पुतण्याने फेडावे तसे.

फिर्यादीची सोय आहे. चित्रफीत जोडून अर्ज करता येतो, आणि जाणूनबुजून धडक दिली असे सिद्ध झाल्यास आरोपीवर कारवाईही होते. फक्त सर्वसाधारण शर्यतीचा निकाल त्यामुळे फिरत नाही आणि नेमकी शिक्षा काय झाली हे फिर्यादीस कळविले जात नाही. सूडाचे फळ मिळते, पण चव घेता येत नाही! हेतू सिद्ध करणे किती कठीण, हे 2 मे 2020 रोजी इंडियानापोलिसच्या आभासी शर्यतीत दिसले: आघाडीवरील लँडो नॉरिसला बाहेर काढण्याची भाषा सिमोन पाजेनोने स्वतःच्या थेट प्रक्षेपणात केली, टक्कर झाली, आणि नंतर खुलासा आला की नॉरिसला केवळ थोडा मंद करण्याचा विचार होता. त्याच महिन्यात फॉर्म्युला ई-च्या आभासी शर्यतीत डॅनियल आब्ट याने आपल्या जागी दुसराच चालक बसविला, तेव्हा मात्र 10,000 युरोंचा दंड धर्मादायास गेला आणि ऑडीने त्यास निलंबित केले. जो हजर राहून आदळतो त्याचा खुलासा ऐकला जातो. गैरहजर राहून दुसऱ्याकडून नीट चालवून घेणारा चाकरीस मुकतो.

आणि अस्मानी-सुलतानीच्या जोडीस येथे सर्व्हरची तिसरी आपत्ती आहे. जानेवारी 2023 च्या आभासी ल मान्समध्ये आघाडीवर असलेल्या मॅक्स व्हर्स्टापेनची जोडणी तुटली. त्याने शर्यत सोडली आणि या आयोजनास विदूषकांचा खेळ म्हटले. त्याचा राग आम्हांस समजतो. प्रतिवादी म्हणून समन्स बजावावयाचे ते कोणावर?

तरीही 24 तासांच्या शर्यतीत मुनसफास दोन्ही पडदे ताडून पाहण्याइतका अवकाश नसतो, हे आम्हांस पटत नाही. मोठ्या शर्यतींतून जिवंत पंच बसवितातही; अडचण इतकीच की न्याय्य दंड हवा असे म्हणणाऱ्या प्रत्येकास गाडी चालवावयाची असते, पंच व्हावयाचे नसते. म्हणून पुढील जाहिरात येथे विनामूल्य छापीत आहोत. पाहिजेत: दीर्घ शर्यतीसाठी पंच. वेतन नाही. रात्रपाळी सक्तीची. उमेदवारास सहा भाषांतील शिव्या समजत नसल्यास उत्तम. स्वतःचा परवाना ‘रुकी’च्या वर नसावा, म्हणजे पक्षपाताचा आरोप येणार नाही, केवळ अज्ञानाचा येईल. अर्जासोबत शेजाऱ्याचा दाखला जोडावा.