ब्युरोची घाई

"काकू, कपडे वाळत घालून झाले असतील तर जरा कंपाउंडपाशी या ना. एक विचारायचंय."

"बोल. तुझी भाची आलीय वाटतं? काल स्कूटी दिसली."

"तिचंच तर! जीएनएम होऊन गेल्या गणपतीत हॉस्पिटलला लागली. आता म्हणते, नोकरी सोडते नि नर्सिंग ब्युरोत नाव घालते. घरी जाऊन पेशंट बघायचा, बारा तासांची ड्युटी, पैसेही बरे. आमच्या वन्सं म्हणतात, एकाच पेशंटचं तर काम, त्यात काय अवघड?"

सरकारी इस्पितळातून स्टाफ नर्स म्हणून रिटायर झालेल्या बाईंना हे विचारलं की दुपारच्या झोपेचं खोबरं ठरलेलंच.

"पेशंट एक, पण ही पण एकटीच ना! वॉर्डात चाळीस पेशंट असले तरी इनचार्ज असते, हाक मारली की डॉक्टर येतो. घरात रात्री दोनला कोण? झोपलेली सून!"

"पण तीन वर्षं शिकलीय की. रजिस्ट्रेशन आहे."

"असू दे. डायबेटिसवाले आजोबा पहाटे घामाने डबडबले, तर आधी काय करेल? फोन शोधत बसेल की ग्लुकोमीटर उचलेल? शुगर सत्तरच्या खाली, आजोबा शुद्धीवर, तर साखरेचं पाणी. शुद्ध गेली असेल तर तोंडात थेंब घालायचा नाही, श्वासनलिकेत जातो. आणि नेमकं तेव्हाच सगळं घर 'सिस्टर, थोडं पाणी तरी पाजा हो' म्हणून मागे लागतं. त्यांच्यासमोर ठाम राहता येईल तिला? गळ्याला ट्रेकी, म्हणजे श्वासाची नळी, असेल तर सक्शन एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, हे हातात बसलंय का?"

"मग किती वर्षं काढायची तिने?"

"वर्षं कसली मोजतेस! वर्षभर नुसते बीपीच घेतले असतील तर त्याला अनुभव म्हणायचं का? आधी मेडिसिन वॉर्ड, मग निदान वर्षभर आयसीयू, रात्रपाळ्यांसकट. आणि तिच्या इनचार्जला एकच विचारायचं: तुमच्या आईजवळ हिला रात्री एकटी ठेवाल का? बाई जरा जरी घुटमळली तर थांबायचं."

"ब्युरोवाले नाही विचारत असलं काही?"

"चांगले विचारतात. बाकीचे फक्त 'उद्यापासून येशील?' एवढंच." काकूंचा आवाज खाली आला. "कोपऱ्यावरच्या घरात आली होती ना एक? पांढरा कोट घातला म्हणून सगळे सिस्टर म्हणायचे. निघाली सहा महिन्यांचा कोर्स केलेली. आजींची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. ही मोबाइलवर. पाठीला जखमा झाल्या बिचारीच्या! तिला तरी काय बोलणार, तिला कुणी शिकवलंच नव्हतं."

"अगंबाई! मला वाटलं, त्या पडल्या होत्या."

"तसं सांगितलं गं सगळ्यांना. भाचीला म्हणावं, आयसीयूत बदली माग. ब्युरो कुठे पळून जात नाही."

"वन्सं ऐकायच्या नाहीत."

"मग दोघींना चहाला पाठव माझ्याकडे. आणि उद्या तुझ्या सासूबाईंसाठी कुणाला ठेवायची वेळ आली, तर पैसे ठरवायच्या आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर माग. लाजू नकोस."