अक्षरं पुरेनात

कमांड लाइनवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधलं खरं काम पुष्कळदा तीस-चाळीस ओळींत आटोपतं. फोटो लहान करायचे, फाइलींची नावं बदलायची, दोन याद्या ताडून पाहायच्या. त्याच्या कितीतरी पट ओळी खर्ची पडतात त्या, चालवणाऱ्याने मागे काय काय जोडलंय ते ओळखण्यात. डॅश व्ही, डॅश आर, डॅश डॅश फोर्स, असे पर्याय. या ओळींचं कौतुक कधी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मला मात्र त्या लिहायला आवडतात. सबंध प्रोग्रॅममध्ये माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायची जागा तेवढीच असते.

ऐकण्याची सुरुवातच मजेशीर. सी भाषेत मेन फंक्शनच्या हाती दोन गोष्टी पडतात: आर्गसी, म्हणजे किती शब्द आले तो आकडा, आणि आर्गव्ही, म्हणजे ते शब्द. मोजणी शून्यापासून, आणि शून्याच्या पाटावर बहुधा प्रोग्रॅमचं स्वतःचंच नाव. काय करायचं हे कळण्याआधी बिचाऱ्याला आपण कोण ते कळतं! पण याचाही उपयोग करणारे निघाले. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ साली डेबियन लिनक्सच्या फ्लॉपीसाठी बिझीबॉक्स लिहिला. फ्लॉपीवर जागा इवलीशी आणि कमांडी लागणार ढीगभर. म्हणून प्रोग्रॅम एकच आणि नावं अनेक. एलएस म्हणून हाक मारली की तो फाइलींची यादी देतो, सीपी म्हटलं की नक्कल करतो, आरएम म्हटलं की पुसून टाकतो. आपल्याकडचा बहुरूपी आज पोलीस तर उद्या मामलेदार होऊन दारात उभा राहतो, त्यातलाच प्रकार. पुष्कळ घरांत वायफायच्या राउटरमध्ये आजही हाच बसलेला असतो.

नावापुढचं एकेक अक्षर हा मात्र भांडणाचा विषय. बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून युनिक्स घडत होतं तेव्हा समोर टेलिटाइप असायचं. त्यातलं मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं, तेही खडखडाट करत. अशा यंत्रापुढे बसून लांबलचक लिहायची हौस कुणाला असणार? कॉपीचं सीपी झालं, रिमूव्हचं आरएम झालं आणि पर्याय एकेका अक्षरावर आले. पण मुळाक्षरं सव्वीस. मोठी आणि छोटी वेगळी धरली तर बावन्न. माणसांच्या इच्छा त्यात कशा मावणार?

मग एकच अक्षर दहा घरी नांदू लागलं. डॅश व्ही घ्या. फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या टारमध्ये त्याचा अर्थ ‘एकेका फाइलीचं नाव सांगत काम कर’, नोडमध्ये ‘तुझी आवृत्ती सांग’ आणि ग्रेपमध्ये ‘हा शब्द ज्या ओळींत नाही त्याच दाखव’. डॅश एच लावल्यावर निम्मे प्रोग्रॅम मदतीचा कागद पुढे करतात. डीएफ मात्र डिस्कवरची जागा माणसाला सहज वाचता येईल अशा एककांत सांगून मोकळा होतो. यातल्या काही विसंगतींमागे चक्क कारण आहे, ते कळलं की राग जरा उतरतो. सीपीला फोल्डर आतल्या सगळ्यासकट हवं असेल तर छोटा आर चालतो, पण परवानग्या बदलणाऱ्या चमॉडला मोठाच आर लागतो. कारण तिथे डॅश छोटा आर म्हणजे ‘वाचायची परवानगी काढून घे’. दूरच्या संगणकाशी जोडणाऱ्या एसएसएचला पोर्ट सांगायचा तर छोटा पी, तिथे फाइली पाठवणाऱ्या एससीपीला मोठा. एससीपीकडचा छोटा पी आधीच फाइलींच्या तारखा जपायच्या कामावर लागलेला होता.

हे एकदा बसून ठरवून का टाकत नाहीत? ठरवलं होतं की! एटी अँड टीने १९८५ साली पर्याय ओळखून देणारा आपला गेटऑप्ट सगळ्यांना फुकट देऊन टाकला. डॅशनंतर एक अक्षर, हवं तर त्याच्यामागे एक शब्द, असा साधा रिवाज. पुढे ग्नूवाल्यांनी दोन डॅश आणि अख्खा शब्द रूढ केला. पण जुनी मंडळी कुणाचं ऐकतात? टारला डॅश नसला तरी चालतं. फाइंड एका डॅशवर पूर्ण शब्द मागतो. डिस्कची नक्कल करणाऱ्या डीडीने तर डॅशच नाकारला. आयबीएमच्या जेसीएल या जुन्या आज्ञाभाषेच्या वळणाने तो ‘आयएफ बरोबर अमुक, ओएफ बरोबर तमुक’ असं लिहून घेतो. आयएफमधून वाचायचं, ओएफमध्ये लिहायचं. दोघांत फरक एका अक्षराचा, आणि अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर इमानेइतबारे उतरवली जाते. डॉसने पर्यायांसाठी तिरकी रेघ घेतली होती. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा ती रेघ आधीच गुंतलेली, म्हणून फोल्डरांच्या वाट्याला उलटी रेघ आली. विंडोजवाले ती अजून ओढतायत.

पर्याय वाढतात कसे, हे मी ऑफिसात रोज बघतो. फोटो लहान करणारा आमचा एक घरगुती प्रोग्रॅम आहे. एकीचं म्हणणं, “जुन्या फाइलीवर लिहू नकोस रे, मूळ फोटो जातो.” दुसरा म्हणतो, “लिहू दे की, दोन-दोन फाइली कोण सांभाळणार?” निवाडा करायची हिंमत नसली की डॅश एफ जन्माला येतो. दोघं खूश आणि आपण सुटलो. कुठल्याही प्रोग्रॅममधले पर्याय मोजले की लिहिणाऱ्याला किती जणांना नाही म्हणता आलं नाही ते कळतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात प्रोग्रॅमला कारण नसताना शिव्या बसतात त्या जागेमुळे, म्हणजे दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेमुळे. ‘आजीचे फोटो’ नावाचं फोल्डर काढायला कुणी आरएम डॅश आर आणि पुढे ते नाव अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं, की आपली ओळ प्रोग्रॅमपर्यंत पोचवणारा शेल त्याचे दोन तुकडे करून आत पाठवतो. आरएम ‘आजीचे’ शोधतो, सापडत नाही, तशी तक्रार नोंदवतो आणि शेजारी ‘फोटो’ नावाचं फोल्डर असलं तर ते साफ करतो. आजीचे फोटो सुखरूप, बाकी घराण्याचे गेले. फाइलीचं नावच डॅशने सुरू होत असेल तर आणखी पंचाईत; आरएमला तो पर्याय वाटतो. त्यासाठी आधी नुसते दोन डॅश टाकायचे: ‘पर्याय संपले, आता फक्त नावं’. आणि हेच दोन डॅश वर्डच्या दस्तऐवजात लिहिले की वर्ड त्यांची सुबक लांब रेघ करून ठेवतो. नवीन आलेला मुलगा ती ओळ जशीच्या तशी टर्मिनलमध्ये चिकटवतो, आणि “हे काही कळलं नाही” छापाचं उत्तर वाचून अर्धा तास स्पेलिंग तपासत बसतो.

आमच्या त्या प्रोग्रॅमचा मदतीचा मजकूर आता दोन पडदे भरून वाहतो. कोण काय वापरतं म्हणून मी मध्यंतरी सगळ्यांना विचारत फिरलो. जवळजवळ प्रत्येकाने एकच कळ दाखवली, वरच्या बाणाची. मागे कधीतरी चाललेली ओळ ती दाबत दाबत शोधायची आणि एंटर मारायचा.