भांडायला एक गाव

पंधरा वर्षं नुसत्या चर्चेत असलेला आमच्या इमारतीचा पुनर्विकास अखेर मंजूर झाला आणि बिल्डरनं तीन वर्षांचं भाडं कबूल केलं. आता शेजारच्या गल्लीत एखादी जागा बघायची, एवढाच काय तो प्रश्न होता. पण मी मार्चमध्ये निवृत्त झालो होतो, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली होती, आणि एका रात्री भांडी विसळता विसळता हिनं विचारलं, "अहो, भाडं बिल्डरच देणार ना? मग ते डोंबिवलीतच कशाला भरायचं?"

पुण्याचं नाव निघालं आणि लगेच मिटलं. तिथे आमचे इतके नातेवाईक आहेत की आपण कुणाकडे गेलो नाही, याचा हिशेब ठेवण्यातच तीन वर्षं निघून गेली असती. उरली दोन गावं. नाशिक आणि कोल्हापूर. नाशिकला माझा बँकेतला जुना सहकारी, कोल्हापूरला हिची मावशी.

बँकेतल्या माणसाला काही ठरवायचं म्हटलं की तो आधी कागद आखतो. मी एका लग्नपत्रिकेचं पाकीट उसवलं, आतल्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारली आणि डावीकडे नाशिक, उजवीकडे कोल्हापूर लिहिलं. शंभर गुणांचा पेपर. हिनं नुसतं पाहिलं आणि गवार मोडायला घेतली.

पहिला विषय वाचनालय. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. मी नाशिकला एक गुण जास्त दिला. "का?" हिनं विचारलं. "दहा वर्षांनी जुनं आहे." "तुम्ही गेल्या दहा वर्षांत किती पुस्तकं बदलून आणलीत?" गुण खोडला.

दुसरा विषय पूर. दोन्ही गावांना नदी आहे आणि दोन्ही नद्यांना पावसाळ्यात अंगात येतं. पण मोजमापं वेगळी. कोल्हापूरचा माणूस पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतो. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि हे आकडे तिथे शाळकरी पोरालाही पाढ्यासारखे पाठ. नाशिकला फूटपट्टी म्हणजे गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, यावर गाव आपला दिवस ठरवतं. मला बँकेच्या सवयीनं फूट बरे वाटले. ही म्हणाली, "मारुती बरा. निदान तो आपल्या आधी भिजतो."

तिसरा विषय रेल्वे. इथे कोल्हापूरनं बाजी मारली. तिथे रूळच संपतात. तीस वर्षांत तीनदा डोळा लागून डोंबिवलीऐवजी थेट कसाऱ्याला जाऊन पोचलेल्या माणसाला, स्टेशन मागे पडणंच शक्य नाही असं गाव म्हणजे मोक्षच. नाशिकला कल्याणहून संध्याकाळची पंचवटी धरता येते, पण ती उतरवणार नाशिकरोडला, आणि तिथून खरं नाशिक आणखी आठ-दहा किलोमीटर. शिवाय 2027 चा सिंहस्थ. म्हणजे ज्यांना टाळून आपण पुणं खोडलं, तेच सगळे स्नानाला आपल्याच घरी.

मिसळीला दोघांनाही पैकीच्या पैकी द्यावे लागले. शेवटी बेरीज केली. नाशिक 71, कोल्हापूर 71. मी तीनदा करून पाहिली. ही म्हणाली, "तुमच्या शाखेत ताळेबंद कधी पहिल्या झटक्यात जुळला नाही, आणि आज बघा."

म्हणून सप्टेंबरात दोन्ही गावं प्रत्यक्ष बघायला निघालो. आधी कोल्हापूर.

मावशीनं दारातच विचारलं, "आलासा? आधी जेवून घ्या, मग बघू." ते जेवण पुढे तीन दिवस चाललं. पहाटे मावसभावानं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर नेलं. समोर म्हैस उभी, खाली पेला, पेल्यात धार, आणि वरचा फेस ओठाला लागेपर्यंत म्हैस आपल्याकडेच बघते आहे. रंकाळ्यावर फिरलो, अंबाबाईचं दर्शन घेतलं, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं कुस्ती मैदान पाहिलं. रिक्षावाल्यानं पत्ता तर सांगितलाच, पण तिथे पोचल्यावर काय खायचं तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी जरा महाद्वार रोडला जाऊन येतो." मी चमकून पाहिलं. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मावशीकडे लहानपणी सुट्टीत शिकलेली ती भाषा चाळीस वर्षं कपाटात घडी घालून ठेवली होती, ती दोन दिवसांत बाहेर आली.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "ठरलं मग. कोल्हापूर." ही खिडकीबाहेर बघत होती. "तीन दिवसांत आपलं एकदाही कशावरून बिनसलं नाही," ती म्हणाली. मला वाटलं, कौतुक करते आहे. पण तिचा स्वर काळजीचा होता.

आमचं डोंबिवलीशी नातं कसं आहे, ते सांगायला हवं. एकतीस वर्षं आम्ही त्या गावाला नावं ठेवतो आहोत. पाण्याची वेळ, रिक्षांची रांग, पुलाचं रखडलेलं काम, आठ चौदाच्या गाडीत चौथ्या सीटवर टेकलेली माझी अर्धी मांडी. आणि त्याच गावाला बाहेरच्या कुणी नाव ठेवलं, तर ही फणकारून सगळं समर्थन करते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ही दर वर्षी कुरकुरते. दर वर्षी नवी साडी नेसून, कुरकुरत, तिथे जाते.

नाशिकला मंगळवारी पोचलो. मित्रानं पहिल्याच संध्याकाळी चार घरं दाखवली. एकाला गॅलरी नव्हती, एकाला गॅलरीच होती. बुधवारी सकाळी तो म्हणाला, "चला, गंगेवर जाऊ." नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. घाटावर बुधवारचा बाजार भरला होता. ओल्या फरशीवर गोणपाटं, त्यांवर मेथीचे, शेपूचे ढीग, पलीकडे देवळांच्या पायऱ्या आणि मधून वाट काढणारी एक गाय. मी मारुतीची दोन्ही तोंडं शोधत होतो. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

ही एका भाजीवालीसमोर उकिडवी बसली होती. हातात कोथिंबिरीची जुडी, तीही अशी उलटी धरलेली, की मुळांची माती भाजीवालीला नीट दिसावी.

"वीस? गेल्या बुधवारी पंधराला दिलीत की."

गेल्या बुधवारी आम्ही डोंबिवलीत होतो. मी तोंड उघडणार होतो, पण भाजीवाली डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाली, "गेल्या बुधवारी असा पाऊस होता का ताई? आणि तुम्ही तर पंधरात दोन मागत होता."

म्हणजे तिलाही ही गेल्या बुधवारची आठवत होती. पुढची पाच मिनिटं दोघी न घडलेल्या बुधवारावरून कडाकडा भांडल्या. सतराला जुडी आली, वर चार मिरच्या आणि कढीपत्त्याची एक काडी. उठताना ही म्हणाली, "पुढच्या बुधवारी मात्र मुळं कापून ठेवा."

घर मग ठरलं, गॅलरीच असलेलं. ते 71-71 चं पाकीट हिनं घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि रात्री त्याच्याच पाठीवर दूधवाला, पेपरवाला आणि गॅसचा हिशेब मांडला. मग मावशीला फोन लावला. मावशी रागावणार, हे मला पलीकडच्या शांततेवरूनच कळलं. ही म्हणाली, "अगं मावशे, तुझ्या गावाशी मला भांडता येत नाही. तिथे राहिले, तर तेही करायला लागेन. तुझं कोल्हापूर तसंच राहू दे."

मावशी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण फोन ठेवता ठेवता ही हसली आणि म्हणाली, "दिवाळीला मी येतो बघ."