निकालाआधीच ठरलेलं घर

आई-बाप वेगळे झाले की मूल कुणाकडे राहणार, हे न्यायाधीश ठरवतात असं आपण समजतो. बऱ्याचदा ते ठरवते तारीख.

फारकतीच्या दिवशी मूल ज्याच्या घरात असतं, त्याच्याकडेच ते राहतं. दुसरा पालक अर्ज करतो. मग नोटीस, उत्तर, समुपदेशन, वकील गैरहजर, न्यायाधीशांची बदली. तोवर तीन वर्षांचं पोर सहा वर्षांचं होतं. शाळा तिथली, मित्र तिथले. मग न्यायालय म्हणतं, रुळलेल्या मुलाला आता हलवू नये. त्या दिवसापुरतं ते बरोबरही असतं.

चूक आधीच होऊन गेलेली असते.

तत्त्वांना तोटा नाही. १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्यात मुलाचं हित आहे. १९५६च्या हिंदू पालकत्व कायद्यात ते सर्वोच्च आहे. मुलं ही आई-बापांची मालमत्ता नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं १९७३ साली सांगितलं. मूल म्हणजे इकडून तिकडे भिरकावायची वस्तू नव्हे, हे २०२० साली सांगितलं. इतकं वारंवार का सांगावं लागतं?

२०१७चा एक निकाल बघा. आईपासून तुटली तेव्हा मुलगी दोन वर्षांचीही नव्हती. सुप्रीम कोर्टानं तिला आईकडे सोपवलं तेव्हा ती आठ वर्षांची झाली होती. निकाल चांगला होता. मधली वर्षं कोण परत देणार?

जाणत्या मुलाची पसंती विचारात घ्यावी, असंही कायदा सांगतो. पण वर्षानुवर्षं एकाच घरातलं, एकाच बाजूचं ऐकलेलं पोर न्यायाधीशांसमोर बोलतं, तेव्हा ते नेमकं कुणाचं बोलतं?

संसदेलाही घाई नाही. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, पण नैसर्गिक पालक आधी बाप, मग आई, असं १९५६चा कायदा म्हणतो. रात्रभर जागायचं तिनं, सही मात्र त्याची. मुलाच्या नावच्या रोख्यांवर आईची सही रिझर्व्ह बँकेनं नाकारली, म्हणून लेखिका गीता हरिहरन सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९९ साली कोर्टानं आईच्या बाजूनं अर्थ लावला. २०१५ साली विधी आयोगानं दोघांना समान पालकत्व द्या, म्हणून सांगितलं. कायद्याची ओळ मात्र जागची हलली नाही.

आणि भेटी? आदेश होतो, दर शनिवारी दोन तास. शनिवारी मुलाला ताप येतो. पुढच्या शनिवारी परीक्षा. आदेश मोडल्याची तक्रार करा, तिलाही तारीख.

हिंदू विवाह कायद्यात २००१ साली एक दुरुस्ती झाली. मुलांचा निर्वाह आणि शिक्षण यांचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढा. म्हणजे फी कुणी भरायची याला मुदत आहे. मुलानं झोपायचं कुठे, याला का नाही?

मारहाणीचा इतिहास असेल तिथे देखरेखीखाली भेट द्या, गरज पडली तर थांबवा. एरवी पहिल्याच तारखेला भेटींचं वेळापत्रक ठरवा. एक भेट बुडवली, तर बुडवणाऱ्याला पुढच्या सोमवारी न्यायालयात उभं करा. पुढच्या महिन्यात नाही.