मागचं बघणारे बापू

भूकंप कुठेही होवो, पूर कुठेही येवो, बापूंचा पहिला प्रश्न ठरलेला. "कार्बन पेपर आहे का रं कोणाकडं?"

कार्बन पेपर आता ओतूरच्या पेठेत एकाच दुकानात मिळतो, आणि तो दुकानदारही फक्त बापूंसाठीच ठेवत असावा असा माझा संशय आहे. सामानाची यादी तीन प्रतींत झाली पाहिजे. एक सामानाबरोबर, एक नेणाऱ्याच्या खिशात आणि एक "रेकॉर्डला". रेकॉर्ड म्हणजे खत कंपन्यांच्या जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा. बापूंचं कल्याण-नगर रस्त्याला खतं-बियाण्यांचं दुकान आहे. तिथं फवारणीच्या औषधांच्या कपाटावर हा गठ्ठा असतो. त्यामुळे ओतूरकरांच्या परोपकाराला कीटकनाशकाचा कायमचा वास लागलेला आहे.

असा एक माणूस प्रत्येक गावात असतोच. लांब कुठंतरी डोंगर कोसळतो, टीव्हीवर दिसतं, माणसं हळहळतात, दुसरा चहा सांगतात. हा गडी वही काढतो. बैठक बोलावतो, वर्गणी काढतो, पोरं गोळा करतो, त्यांना टोप्या घालतो, नारळ फोडतो आणि गाडी हलली की खाली उतरतो. स्वतः जात नाही. "मागचं बघायला कोणीतरी पाहिजे ना?" हे बापूंचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मागे नेमकं काय असतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

किल्लारीपासून हे चालू आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, पोरं गणपती बोळवून आडवी झालेली, आणि पहाटे तिकडं लातूरकडं जमीन हलली. बापू तेव्हा मंडळाचे खजिनदार होते. विसर्जनाची उरलेली वर्गणी हातात होती आणि ती कशात खर्च करायची यावर दोन गट पडले होते. भूकंपानं ते भांडण मिटवलं. ट्रक भरला, बापू आळेफाट्यापर्यंत गेले, सगळ्यांना भेळ चारली आणि उतरून एसटीनं परत आले. २६ जानेवारी २००१ ला झेंडावंदन चालू असतानाच भूज हललं, तेव्हाही आळेफाटाच. फक्त भेळेऐवजी मिसळ.

भूजनंतर यादीच्या वर लाल शाईनं एक ओळ आली: 'जुने कपडे घेतले जाणार नाहीत.' तिकडं रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग नुसते पडून असल्याचं पोरांनी येऊन सांगितलं होतं. पण बापूंना देणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. एका निवृत्त गुरुजींनी किल्लारीला स्वतःच्या लग्नातला तपकिरी कोट दिला होता. बापूंनी तो आदरानं घेतला, यादीत लिहिला, आणि गाडी निघताना हळूच बाजूला काढून ठेवला. पुढच्या प्रत्येक आपत्तीच्या यादीत तो 'मागील शिल्लक' म्हणून येत राहिला. सध्या तो बापूंच्या बाजरीत बुजगावण्याच्या अंगावर आहे. गुरुजी त्या रस्त्यानं फिरायला जात नाहीत, हे नशीब.

पण बापूंच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे नेपाळ.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. दुपारी टीव्हीवर काठमांडूचे कोसळलेले मनोरे दिसायला लागले आणि संध्याकाळी मांडवीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या देवळाशी बैठक भरली. बापूंच्या सगळ्या बैठका तिथंच भरतात. श्रावणी सोमवारी तिथं कोरड्या तांदळाच्या पिंडी उभ्या राहतात, यात्रेला लोट लोटतो, आणि त्या गर्दीत स्वयंसेवकांना बिल्ले वाटायचं काम वर्षानुवर्षं बापूंकडं आहे. जो माणूस श्रावणी सोमवार पार पाडतो तो हिमालयही पार पाडेल, असा गावाचा हिशेब.

"आरं, परदेशाचा मामला आहे," बापू म्हणाले. "गबाळेपणा चालायचा नाय."

परदेश म्हटल्यावर पहिला प्रश्न पासपोर्टचा. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं, हे कळल्यावर बापूंचा चेहरा पडला. एवढा परदेश, आणि कागद एकच! मग त्यांनी स्वतःचे कागद तयार केले. ग्रामपंचायतीचा दाखला, पोलीस पाटलांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला आणि घरच्यांचं संमतीपत्र. जायला निघालेल्या चार पोरांपैकी एकाचं लग्न नुकतंच झालं होतं. त्याच्या संमतीपत्रावर बायकोनं इतक्या झटक्यात सही केली की तो दोन दिवस उदास होता.

नेपाळचं घड्याळ आपल्यापुढं पंधरा मिनिटं असतं. ही माहिती मिळाली त्या दिवसापासून बापूंनी मनगटावरचं घड्याळ पुढं केलं. बैठकीला ते नेहमी अर्धा तास उशिरा येत, तसेच येत राहिले. फक्त आता पाऊण तास झाला म्हणून स्वतःवरच चिडत. आपल्या एका रुपयाला तिकडचा एक रुपया साठ पैसे, हा हिशेब तर त्यांना फारच आवडला. फळ्यावर रोज लिहायचे: जमा २३ हजार, कंसात नेपाळी ३६ हजार ८००. वर्गणी देणाऱ्यालाही बरं वाटायचं. शंभर टाकले की एकशेसाठचं पुण्य.

भाषेचा विषय एका बैठकीत निकालात निघाला. नेपाळी देवनागरीतच लिहितात असं कॉलेजात शिकणाऱ्या एकानं मोबाइलवर दाखवलं. बापूंनी दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. अर्थ लागला नाही, पण वाचता आलं. "लिपी आपलीच आहे. पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय थंडी. हिमालय म्हणजे थंडी, यावर एकमत होतं. माकडटोप्या, लोकरीचे मोजे, घोंगड्या यादीत चढल्या. मे महिन्यात गोरखपूरला आपल्यापेक्षा जास्त भाजतं, हे कुणाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल, पण बापूंनी एकदा लिहिलेलं खोडलेलं मला आठवत नाही. प्रवासाच्या शिदोरीवर तर खडाजंगी झाली. बायकांचं म्हणणं चटणी-भाकरी आणि चिवडा. पोरांना मासवडी हवी होती. मासवडी जिंकली आणि खंडव्याच्या अलीकडंच खिडकीतून तिला निरोप द्यावा लागला.

सगळ्यात मोठा पेच घरातला होता. एप्रिलचा शेवट म्हणजे उन्हाळी कांदा काढून चाळीत भरायचे दिवस. आणि चाळीत आलं नेपाळचं सामान. काकू दारात उभ्या राहिल्या. "नेपाळ कधी हलतोय इथनं?" बापू म्हणाले, "हलला म्हणून तर एवढं करतोय." त्या रात्री बापू दुकानात झोपले. कांदा आठ-दहा दिवस अंगणात ढीग करून राहिला आणि आभाळ भरून आलं की दोघं नवरा-बायको एकमेकांशी न बोलता त्याच्यावर ताडपत्री ओढत.

याच अंगणात बापूंना ताडपत्री सुचली असावी. दुसऱ्या दिवशी यादीच्या डोक्यावर ती आली. "घरं पडली. आता मे. जूनला तिकडंही पाऊस. माणसं काय पांघरणार, तुमच्या माकडटोप्या?" माकडटोप्या खरं तर त्यांच्याच होत्या. पण त्यांनी चाळीस ताडपत्र्या घेतल्या, आणि दुकानदाराशी घासाघीस केली नाही. हे त्यांच्या डायऱ्यांतलं एकमेव उदाहरण.

इथं एक सांगायला हवं. या डायऱ्यांत माळीणचं पान नाही.

३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. एसटीचा चालक गाडी घेऊन गेला तर गाव जागेवर नव्हतं, त्यानं बातमी दिली. १५१ माणसं गेली. माळीण आमच्या शेजारच्या तालुक्यातलं; तिकडची माणसं इकडच्या बाजारात दिसायची, इकडच्या लेकी तिकडं दिलेल्या. त्या दिवशी बैठक झाली नाही, यादी झाली नाही, नारळ फुटला नाही. बापूंनी दुकानातली फावडी आणि घमेली जीपमध्ये टाकली आणि पहिल्यांदाच आळेफाटा न बघता ते स्वतः गेले. चिखलातून परत आले ते चार दिवस दुकान न उघडता घरी बसले. नंतर कधीतरी एवढंच म्हणाले, "माणसं लय आली होती रं. पण कुणी काय आणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं." नेपाळच्या वेळी तीन प्रतींसाठी ते एवढे का हटून बसले, याचं उत्तर मी या वाक्यात शोधतो. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, कार्बन स्वस्त पडतो.

असो. १२ मेला नेपाळ पुन्हा हललं आणि बापूंची तयारीही हलली. "आता तरी जाऊ द्या," पोरं म्हणाली. फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा यावरून आणखी दोन दिवस गेले. शेवटी बापूंनी सगळ्यांचे फोटो काढून टाकले आणि कपर्दिकेश्वराचा लावला; देवाविरुद्ध तक्रार कुणी करेना. कल्याणहून गोरखपूरची गाडी रात्रीची. एरवी आळेफाट्याला उतरणारे बापू माळशेज घाट उतरून थेट कल्याण स्टेशनात गेले. पार्सलच्या डब्यात गोण्या चढताना त्यांनी एकेक मोजली. सगळं सामान कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्यांत होतं, तोंडं दाभण-सुतळीनं शिवलेली. गाडी सुटताना पोरांना वाटलं, आज बापू चढतात की काय. बापूंनी खिडकीतून यादीची प्रत आत दिली. "हरवू नका. मागचं मी बघतो."

पुढची गोष्ट पोरांनी सांगितलेली. सोनौलीला सीमा ओलांडली, तर पलीकडं भन्सार कचेरी, म्हणजे त्यांची जकात. मदतीच्या गाड्यांची रांग. प्रत्येकाला एकच विचारणा: सामानाची तपशीलवार यादी. कुणाकडं इंग्रजीत होती, बऱ्याच जणांकडं नव्हतीच. आमच्या पोरानं खिशातून प्रत काढली. निळसर कार्बनची, अनुक्रमांक, नग, वजन, खाली शिक्का, आणि अख्खी देवनागरीत. साहेब खुर्ची पुढं ओढून वाचायला लागला. ताडपत्री, नग ४०. दोरी, किलो १५. पत्र्याचे डबे. वाचता वाचता 'गोधडी'वर अडला. पोरानं खुणेनं पांघरून झोपून दाखवलं. 'घमेलं' डोक्यावर घेऊन दाखवलं. शेवटी 'तपकिरी कोट, मागील शिल्लक' आला. पोरं एकमेकांकडं बघत राहिली. साहेबानं हसून शिक्का मारला आणि दुसरी प्रत मागून घेतली. म्हणे, पुढच्या गाडीवाल्यांना नमुना म्हणून दाखवतो.

ही हकिगत बापूंनी कुणालाही सांगितली नाही. सांगायची गरज नव्हती. ती त्यांनी लॅमिनेट करून दुकानात लावली.

आता गेल्या हिवाळ्यातलं प्रकरण. बापूंचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याच्या मुलीच्या शाळेतली पोरं सुट्टीत परदेशी गरीब गावांत सेवा करायला जातात, स्वतःच्या पैशानं. तिनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आजोबा, मी तुमच्या गावाला सेवा करायला येऊ?"

बापू दोन मिनिटं गप्प. मग फोन काकूंकडं दिला. "ओतूर गरीब? आरं कॉलेज आहे, बँका आहेत, मार्केट आहे. हिच्या बापाला काय आठवतं का नाय?" रात्री राग उतरला. मग विचार करून म्हणाले, सेवाच करायची तर वर कोपरे-मांडव्याला करू दे. तिथं उन्हाळ्यात पाण्याचे हाल असतात. चौकशीला गेले, तर कोपऱ्याचा एक म्हातारा हिरडे वाळत घालत बसला होता. तो म्हणाला, "आमचं बरं हाय. तुम्ही त्या पल्याड फोफसंडीला बघा." बापू परत आले ते हसतच. पण फोफसंडी अकोले तालुक्यात, म्हणजे जिल्हा बदलला, म्हणजे यादी वेगळी.

पोरगी डिसेंबरात आली. येताना शाळेनं दिलेली सूचनांची चवड घेऊन आली, सात पानं, क्रमांक घातलेली. कोणती लस, कोणतं मलम, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, डासांचा फवारा, कागदपत्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे. बापूंनी चष्मा पुसला आणि पुतण्याकडून एकेक ओळ मराठीत करून घेतली. मधेमधे मान डोलवत होते. "शाळा चांगली आहे," म्हणाले. सातवं पान संपल्यावर त्यांनी कागद उलटून मागची बाजू बघितली. कोरी होती.

"बिबट्या कुठाय?"

पोरीला वाटलं आजोबा गंमत करतायत. बापूंनी पेन तिच्या हातात दिलं. "लिही. अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं जायचं नाय. गेलं तर हातात बॅटरी पाहिजे, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावायची. रानात वाकून बसायचं नाय, उभं राहायचं. लिहिलं का? आणि खाली लिही, प्रत शाळेला पाठवणे."